वादीच्या जागेवर

धर्मगुरूच्या लैंगिक वर्तनाचा भर कोर्टात सविस्तर पंचनामा झाला, असा मुंबईतला गाजलेला खटला १८६२ सालचा. तो फौजदारी नव्हता, दिवाणी होता. पण दावा लावला होता खुद्द महाराजांनी. करसनदास मुळजी यांनी १८६० मध्ये ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांबद्दल लिहिले. भक्तांच्या बायका-मुलींना सेवेच्या नावाखाली कसे वापरले जाते, हे त्या लेखात स्पष्ट शब्दांत होते. जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचे पन्नास हजार रुपये मागितले. २५ जानेवारी १८६२ पासून सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे सुनावणी चालली, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसे साक्षीला उभी राहिली, आणि २२ एप्रिलला निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. मुंबई उच्च न्यायालय स्थापन व्हायला तेव्हा अजून काही महिने अवकाश होता.

सुधारणेच्या इतिहासात हा खटला पत्रकाराच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. २०२४ मध्ये त्यावर चित्रपट आला तेव्हाही तो लागू द्यायचा की नाही, यावरून कोर्टात धाव घ्यावी लागली. मला मात्र त्या खटल्यातली एक रिकामी जागा खटकत आली आहे. वादी महाराज, प्रतिवादी पत्रकार. ज्या स्त्रियांवरून हे सगळे रामायण घडले, त्या कुठल्याच बाजूला पक्षकार नव्हत्या. त्यांना कोणी काही देणे लागते का, हा प्रश्न त्या कोर्टापुढे कोणी मांडलाच नाही.

एकशे साठ वर्षे उलटली तरी ती जागा बरीचशी रिकामीच आहे. फौजदारी खटल्यात एका बाजूला सरकार असते आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. जिच्यावर किंवा ज्याच्यावर अत्याचार झाला ती व्यक्ती साक्षीदार असते. तिला समन्स निघते, तिचा जबाब होतो, उलटतपास होतो, आणि मग तिला घरी जायला सांगतात. खटला कसा चालवायचा, कोणाला आरोपी करायचे, अपील करायचे की नाही, हे ठरवतात दुसरेच. तिला ‘माझे असे नुकसान झाले, त्याला हे-हे जबाबदार आहेत आणि त्यांनी मला हे द्यावे’ असे स्वतःच्या नावाने म्हणता येईल, अशी जागा दिवाणी कायद्यात आहे. त्या जागेपर्यंतची वाट हे पुस्तक दाखवते. ती वाट फार सोपी असल्याचा आव ते आणत नाही, म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला तयार झाले.

पुस्तक रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेले आहे. उरण ते हरिहरेश्वर या पट्ट्यात देवस्थाने, दर्गे, कोर्लईसारख्या पोर्तुगीज काळापासूनच्या ख्रिस्ती वस्त्या आणि रेवदंडा-अलिबागची बेने इस्रायली सिनेगॉग एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्याशिवाय धार्मिक आणि सेवाभावी न्यासांनी चालवलेल्या शाळा, वसतिगृहे, बालगृहे. इथल्या कोणत्याही एका पंथावर बोट ठेवण्याचा लेखिकेचा हेतू नाही, माझाही नाही. ‘धर्मगुरू’ म्हणताना या पुस्तकात फादर, महाराज, मौलवी, बुवा आणि मठाधिपती असे सगळेच येतात. त्यांच्या छत्राखाली चालणाऱ्या संस्थांचे अधीक्षक आणि व्यवस्थापकही येतात, कारण भोळ्या आईबापांचा विश्वास दोघांवर सारखाच असतो.

किनाऱ्यापासून सुरुवात करायची तर मुरूडपासून करावी लागते. ‘अँकरेज’ नावाने रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारे चालत. मुंबईत कुलाबा आणि कफ परेड, आणि तिसरा मुरूडला. चालवणारे ब्रिटिश होते. ते धर्मगुरू नव्हते, पण गावाच्या नजरेत त्यांना तोच मान होता: परक्या देशातून येऊन आपल्या अनाथ मुलांना जेवू घालणारी देवमाणसे. २००१ मध्ये तक्रार झाली. एकाला न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक होऊन तिथून इकडे आणावे लागले. १८ मार्च २००६ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघा ब्रिटिशांना सहा वर्षे सक्तमजुरी सुनावली आणि प्रत्येकी वीस हजार पौंड भरण्याचा आदेश दिला. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. त्याविरुद्ध चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १८ मार्च २०११ ला, सत्र न्यायालयाच्या निकालाला बरोबर पाच वर्षे होत असताना, न्यायमूर्ती सदाशिवम आणि न्यायमूर्ती चौहान यांनी शिक्षा पुन्हा कायम केली.

बालहक्कांच्या कायद्यात हा निकाल मैलाचा दगड मानतात. पण तो वाचताना दिवाणी वकिलाच्या मनात वेगळे प्रश्न येतात. मुले तक्रार करती झाली तेव्हा ती पौगंडात होती, निकाल लागला तेव्हा कर्ती माणसे झाली होती. पैशाचा आदेश शिक्षेला जोडलेला, म्हणून निर्दोषत्वाबरोबर तोही गेला आणि शिक्षेबरोबर परत आला. मुलांचा पैशावरचा हक्क अशा रीतीने आरोपीच्या अपिलाला बांधलेला राहिला. स्वतंत्र दावा असता तर पुराव्याची कसोटीही वेगळी लागली असती. फौजदारीत गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत दोन बाजूंपैकी कोणती अधिक संभाव्य, एवढे पाहतात. आरोपी फौजदारीत सुटला म्हणून दिवाणी दावा आपोआप पडत नाही. उलट, त्याला शिक्षा झाली तरी दिवाणी न्यायाधीश आपल्या समोरच्या पुराव्यावरच निर्णय देतो.

रायगडातलेच दुसरे प्रकरण कळंबोलीचे. वृत्तपत्रांतल्या बातम्यांवरून उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मतिमंद मुलांच्या निवासी संस्थांची स्वतःहून दखल घेतली, समिती नेमली, आणि त्या तपासातून कळंबोलीच्या संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह सहा जणांना दोषी ठरवले. यातल्या काही मुली बोलूही शकत नव्हत्या. त्यांच्या नावाने दावा कोण लावणार होते? कायद्यात त्याची सोय आहे. अज्ञान किंवा मनोदुर्बल व्यक्तीच्या वतीने ‘वादमित्र’ दावा लावू शकतो. पण अशा संस्थांत बहुधा पालक म्हणून सही करणारी व्यक्ती संस्थेचीच असते.

आता या विषयाचा नकाशा. तो मी शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडते, कारण पुस्तकातली प्रकरणे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि नवख्या वाचकाला आधी उंचावरून पाहिलेले बरे.

पैसे मिळण्याचा सर्वात रुळलेला रस्ता सरकारी तिजोरीतून जातो. १९९४ मध्ये दिल्लीतल्या घरकामगार स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडितांसाठी भरपाईची यंत्रणा हवी असे सांगितले. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ यायला मात्र ३१ डिसेंबर २००९ उजाडावा लागला. आता त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ ने घेतली आहे. महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. तेव्हा कमाल तीन लाख मिळत. २०१७ च्या अखेरीस मर्यादा दहा लाखांवर गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले, म्हणजे रायगडकरांसाठी अलिबागला. निपुण सक्सेना प्रकरणानंतर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची योजना देशभर आधार झाली. तीत बलात्कारासाठी चार ते सात लाख असा पल्ला आहे, आणि पीडित अल्पवयीन असेल तर पन्नास टक्के जास्त. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांतला नववा नियम तर आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. गुन्हा नोंदल्यावर विशेष न्यायालय मध्येच, अंतरिम भरपाई देऊ शकते. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तरीही मुलाचे नुकसान झाले असेल तर भरपाईची शिफारस होऊ शकते, आणि सरकारने ती तीस दिवसांत द्यायची असते.

सरकारी भरपाईबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. माझीही नाही. शाळा बदलायची, डॉक्टर गाठायचा, काही महिने कामावर जायचे नाही, यासाठी रोख पैसा लागतो आणि तो लवकर लागतो. पण पैसे देते कोण, हे पाहिले पाहिजे. करदात्यांचा पैसा जातो. ज्या न्यासाने तक्रारी येऊनही माणसाला तिथेच ठेवले, त्याच्या ताळेबंदातला एक रुपया हलत नाही. आरोपीला सुनावलेल्या दंडातून भरपाई देण्याचीही सोय आहे. पण तिथे एका न्यायालयाचा दुसऱ्याशी मेळ नाही. २०१७ मध्ये पंचकुलाच्या विशेष न्यायालयाने डेरा प्रमुखाला दोन प्रकरणांत प्रत्येकी पंधरा लाख दंड करून त्यातले चौदा-चौदा लाख त्या दोघींना द्यायला सांगितले. २०२३ मध्ये गांधीनगरच्या न्यायालयाने आसारामच्या प्रकरणात पन्नास हजार सांगितले. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की भरपाई द्यायची की नाही याचा विचार प्रत्येक फौजदारी न्यायालयाने करायलाच हवा आणि कारणे नोंदवायला हवीत. रकमेचे गणित कोणी घालून दिलेले नाही.

दुसरा रस्ता रिट याचिकेचा. राज्ययंत्रणेने मूलभूत हक्क मोडला तर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय थेट पैसे द्यायला लावते, हे १९८३ च्या रुदुल शाह प्रकरणापासून प्रस्थापित आहे. २००० मध्ये हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी स्त्रीवर झालेल्या बलात्काराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला दहा लाख भरायला लावले. रेल्वेचा युक्तिवाद होता की तो आमच्या नोकरांचा वैयक्तिक गुन्हा आहे. तो चालला नाही. खासगी देवस्थानाविरुद्ध हा रस्ता सहसा बंद असतो. पण आपल्या जिल्ह्यात कातकरी-ठाकर मुलांच्या अनुदानित आश्रमशाळा आहेत, ज्यांच्यावर पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची देखरेख असते. सरकारी मान्यता, सरकारी अनुदान आणि तपासणीचे कर्तव्य जिथे आहे, तिथे राज्याला हात झटकता येऊ नयेत, असे पुस्तकाचे म्हणणे आहे. मला ते पटते.

तिसरा रस्ता म्हणजे साधा दिवाणी दावा, आणि पुस्तकाचा जीव त्यातच आहे. इथे भारतीय कायदा आश्चर्य वाटावे इतका कोरा आहे. देहावर झालेला अत्याचार हे दिवाणी अपकृत्य आहे याबद्दल वाद नाही. तरी संस्थेला प्रतिवादी करून लैंगिक अत्याचाराची भरपाई मागणारे दावे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. याची कारणे सांगायला कायद्याचा पंडित लागत नाही. आजोबांनी लावलेल्या दाव्याचा निकाल नातू ऐकतो, ही कोकणात थट्टा नाही, अनुभव आहे. शिवाय मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी. त्यात थोडा दिलासा असा की १९९४ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना हिंसाचारासह काही प्रकारच्या दाव्यांत फी माफ आहे, आणि ज्याला ती परवडत नाही त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेहेतिसाव्या आदेशाखाली नादार म्हणून दावा लावता येतो. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

दावा कोणावर लावायचा, हा त्याहून अवघड प्रश्न. धर्मगुरू बहुधा निष्कांचन असतो, निदान कागदावर. मालमत्ता असते न्यासाच्या नावावर. आणि सार्वजनिक न्यास ही आपल्या कायद्यात कंपनीसारखी स्वतंत्र व्यक्ती नाही, दावा सर्व विश्वस्तांवर लावावा लागतो. संस्था सोसायटी म्हणूनही नोंदलेली असेल तर अध्यक्ष किंवा सचिव यांच्या नावे. देवता कायद्याने व्यक्ती आहे, मठाच्या बाबतीत महंत पुढे येतो, वक्फ असेल तर मुतवल्ली आणि न्यायाधिकरणाचा अधिकार तपासावा लागतो. चुकीच्या नावावर दावा लावला की पहिली पाच वर्षे पक्षकार दुरुस्त करण्यातच जातात. म्हणून पुस्तक वाचकाला आधी धर्मादाय कार्यालयात जाऊन संस्थेचा पीटीआर, म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीचा, उतारा काढायला सांगते. कोण विश्वस्त, कधीपासून, बदल अर्ज मंजूर आहे का, हे त्यातून कळते. हा सल्ला रुक्ष वाटेल, पण या पुस्तकातला सर्वात मोलाचा सल्ला मी यालाच म्हणेन.

ही अडचण आपलीच आहे असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात जॉन एलिस यांनी सिडनीच्या कॅथलिक धर्मप्रांताविरुद्ध लावलेला दावा २००७ मध्ये याच खडकावर फुटला. चर्चची मालमत्ता धारण करणारे विश्वस्त धर्मगुरूच्या कृत्याला जबाबदार नाहीत, आणि चर्च म्हणून जिच्यावर दावा लावावा अशी कायदेशीर व्यक्तीच नाही, असे न्यायालय म्हणाले. हा बचाव पुढे एलिस यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. तिथल्या शाही आयोगाने संस्थांतल्या बाल लैंगिक अत्याचारांची २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षे चौकशी केली तेव्हा या बचावावर कडाडून टीका झाली, आणि व्हिक्टोरियासह राज्यांनी कायदे करून अशा संघटनांना प्रतिवादी नेमायला भाग पाडले.

संस्था का जबाबदार, यावर इंग्रजी परंपरेच्या न्यायालयांत गेल्या पंचवीस वर्षांत फार मोठी घुसळण झाली. जुना नियम असा की नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीला मालक जबाबदार, आणि अत्याचार कुणाच्या कामाचा भाग कसा असेल? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आणि ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००१ च्या लिस्टर प्रकरणात हा नियम बदलला. वसतिगृहाच्या अधीक्षकाला मुलांची काळजी घ्यायला नेमले होते, त्या नेमणुकीनेच त्याला संधी दिली, त्याचे कृत्य आणि त्याचे काम यांचे नाते इतके जवळचे की संस्थेने भरपाई द्यावी. पुढे ही कसोटी धर्मसंघांनाही लागू झाली. अलीकडे मात्र वारे उलटे वाहू लागले आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यहोवाज् विटनेसेस पंथाच्या प्रकरणात हात आखडता घेतला, आणि ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवले की धर्मगुरू नोकर नसेल तर ही प्रातिनिधिक जबाबदारी येतच नाही.

भारतात या कसोटीची परीक्षा अजून व्हायची आहे. आपल्याकडचे आधार आहेत अपघाताचे आणि बँकेचे. १९७८ च्या श्यामा देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेला जबाबदार धरले नाही, कारण कर्मचाऱ्याने पैसे घेतले ते ग्राहकाचा मित्र म्हणून, बँकेचा माणूस म्हणून नव्हे. संस्थेचा वकील हाच निकाल फडकवेल, ‘तो त्याचा खासगी व्यवहार होता’ म्हणेल. त्यामुळे केवळ प्रातिनिधिक जबाबदारीवर दावा उभा करू नये, असे लेखिका सुचवते. संस्थेचा स्वतःचा निष्काळजीपणा मांडावा: आधी तक्रार आली होती का, त्याला दुसऱ्या गावी पाठवून दिले का, मुलांना त्याच्याबरोबर एकटे का सोडले. मुंबईत २०१५ मध्ये शिवाजीनगरच्या चर्चमध्ये तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार झाला तेव्हा कुटुंब आधी चर्चच्या वरिष्ठांकडे गेले होते. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली. शिक्षा त्या एकाला झाली. वरच्यांनी तेव्हा काय करायला हवे होते आणि त्याची किंमत काय, हा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा होता.

अमेरिकेचे आकडे आपल्याकडे वारंवार सांगितले जातात. धर्मगुरूंच्या अत्याचारांच्या २००२ च्या बातम्यांनंतर बॉस्टनच्या धर्मप्रांताने २००३ मध्ये साडेआठ कोटी डॉलरची तडजोड केली, लॉस एंजेलिसने २००७ मध्ये ६६ कोटींची आणि २०२४ मध्ये ८८ कोटींची. या आकड्यांनी डोळे दिपवून घेऊ नयेत. तिथे ज्यूरी आहे, निकालातल्या टक्केवारीवर काम करणारे वकील आहेत, अशा दाव्यांचे पैसे भरणाऱ्या विमा कंपन्या आहेत. आपल्याकडे यातले काही नाही, आणि वकिलाला टक्केवारीवर काम करायला तर बंदी आहे. पण त्या दाव्यांतून आणखी एक गोष्ट निघाली जी पैशाहून मोठी होती: कागद. कुणाची बदली कधी आणि का झाली, कोणाला कोणते पत्र आले, हे संस्थेच्या कपाटातून बाहेर आले. दस्तऐवज हजर करायला लावण्याचा अधिकार आपल्या दिवाणी प्रक्रियेतही आहे, अकराव्या आदेशात. तो वापरण्याची सवय आपल्या वकिलांना नाही.

दाव्यांच्या या धामधुमीला पर्याय म्हणून एक वेगळा विचारप्रवाह आहे. दोष सिद्ध करायला न लावता, ठरलेल्या निकषांवर ठरलेली रक्कम देणारी योजना. आयर्लंडने २००२ मध्ये ती केली, ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये, कमाल दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि सोबत समुपदेशन व हवी असल्यास संस्थेकडून थेट माफी. तिथे संस्था स्वतःचा वाटा भरतात, आणि आपल्या मनोधैर्यहून ती योजना मुळात वेगळी आहे ती इथे. असे काही महाराष्ट्रात व्हावे का, यावर पुस्तक ठाम मत देत नाही. मी देते. व्हावे, आणि सार्वजनिक न्यासांच्या वार्षिक अंशदानातून व्हावे.

धर्मादाय आयुक्तांचा मार्ग आपल्या राज्याचा खास. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-ड खाली कर्तव्यात कसूर करणाऱ्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या विश्वस्ताला निलंबित किंवा बडतर्फ करता येते. कलम ५० खाली न्यासाशी हितसंबंध असलेल्या दोघांना आयुक्तांच्या संमतीने दावा लावून कारभाराची नवी योजनाच मागता येते. पैसे यातून मिळत नाहीत. पण ‘तो पुन्हा त्या खुर्चीवर बसू नये’ एवढीच ज्यांची मागणी असते, आणि अशी माणसे पुष्कळ असतात, त्यांना हा रस्ता सांगितलाच पाहिजे. संस्थेत काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीसाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आहे. तो न्यासांना लागू आहे, बिनपगारी सेवेकरीही त्यात येतात, भरपाई गुन्हेगाराच्या पगारातून कापता येते. तक्रारीची मुदत मात्र अवघी तीन महिने, फार तर आणखी तीन. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत दैवी शक्तीचा किंवा गतजन्मीच्या नात्याचा दावा करून ठेवलेले लैंगिक संबंध येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर तो अध्यादेशाने आला. त्यात शिक्षा आहे, भरपाईचे स्वतंत्र कलम नाही.

आता गावात प्रत्यक्षात काय होते ते. प्रकरण कळले की चार प्रतिष्ठित बसतात, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात, काही हजार हातावर ठेवतात आणि मुलीला मामाकडे पाठवतात. या कागदाला कायद्यात शून्य किंमत आहे. गुन्हा दाबण्यासाठी केलेला करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रद्दबातल. पीडित अल्पवयीन असेल तर बैठकीला बसलेले स्वतःच अडकतात. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचे असते, आणि संस्थेच्या प्रमुखाने कळवले नाही तर एक वर्षापर्यंत कैद. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हे कर्तव्य किती गंभीर आहे ते बजावले. माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो पुन्हा जिवंत केला. याच कायद्याच्या कलम ५ मध्ये धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या व्यक्तीने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार अधिक गंभीर धरला आहे, हेही गावकीला कोणीतरी सांगितले पाहिजे.

नाव फुटण्याची भीती आणि उलटा अब्रुनुकसानीचा दावा येण्याची भीती, या दोन्हींवर पुस्तकात स्वतंत्र विचार आहे. करसनदासांवर आलेली वेळ आजही येते, फक्त आता आधी वकिलाची नोटीस येते. नावाबद्दल एवढे सांगते की दिवाणी न्यायालयालाही सुनावणी बंद दाराआड घेण्याचा अंगभूत अधिकार आहे. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६६ मध्ये नरेश मिरजकर प्रकरणात तो मान्य केला, आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातूनच गेले होते.

पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, तेही सांगते. ते वकिलांचे पाठ्यपुस्तक नाही. मुलीचा बाप, शाळेतल्या बाई, अंगणवाडी सेविका, चर्चमधला एखादा अस्वस्थ विश्वस्त यांना वाचता यावे असे आहे. सल्ला देताना ते पीडितेला दावा लावायला भरीस पाडत नाही. कुठल्या दारात किती वर्षे जातील, कुठे पुन्हा सगळे सांगावे लागेल, कुठे फक्त अर्ज भरून भागेल, हे समोर ठेवते. काही ठिकाणी मला ते जास्तच सावध वाटले. संस्थेला नोटीस पाठवण्याआधी इतका विचार करायला लावले आहे की धीर खचावा. पण लेखिकेने माणसे पाहिली आहेत, मी कागद पाहिले आहेत, तेव्हा हा वाद मी ताणत नाही.

एका बाबतीत मात्र दोघींचे एकमत आहे: मुदत. मुदत अधिनियम, १९६३ मध्ये अशा दाव्यासाठी वेगळी नोंद नाही. अनुच्छेद ११३ ची उरलीसुरली तीन वर्षे लागतात. अत्याचार बालपणी झाला असेल तर कलम ६ आणि ८ मुळे घड्याळ अठराव्या वर्षी सुरू होते आणि एकविसाव्या वर्षी थांबते. उशीर माफ करण्याची कलम ५ ची सवलत दाव्यांना नाही, ती अपिले आणि अर्जांसाठी आहे. फसवणुकीने माहिती दडवली असेल तर कलम १७ चा आधार मिळतो, पण ते सिद्ध करणे आले. एकविसाव्या वर्षी मूल कुठे असते? कॉलेजात, बोटीवर, पनवेलच्या एखाद्या गोडाऊनमध्ये, नव्या संसारात. बोलायला माणसे तिशी-चाळिशीत लागतात, आणि तेव्हा फौजदारी दार उघडे असते, दिवाणी बंद झालेले असते. पॉक्सोसारख्या गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नाही, हे केंद्राने २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्याच गुन्ह्याच्या भरपाईसाठी तीन वर्षे का, याचे उत्तर कुठल्याही विधी आयोगाच्या कपाटात असेल असे मला वाटत नाही. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये जुन्या, मुदतबाह्य दाव्यांसाठी खिडकी उघडली आणि ती २०२१ च्या ऑगस्टपर्यंत उघडी ठेवली. कॅलिफोर्नियाने तीन वर्षांची उघडली.

हे दिल्लीनेच करावे असेही नाही. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत तेराव्या नोंदीत दिवाणी प्रक्रियेबरोबर मुदतीचाही उल्लेख आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्र विधिमंडळ मुदत अधिनियमाला राज्यापुरती दुरुस्ती करू शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेत स्वतःचे कलम ९-अ घालून त्याने ते एकदा करून दाखवलेले आहे, आणि पुढे नको वाटले तेव्हा काढूनही टाकले. पुस्तकाच्या अखेरीस अशा दुरुस्तीचा एक मसुदा जोडला आहे. तो सव्वा पानाचा आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आणि महाडच्या वकील संघटनांनी तो वाचावा, त्यातल्या चुका काढाव्यात आणि आपापल्या आमदाराकडे पाठवावा.